प्रकल्प विद्यार्थ्याचा, प्रश्न कोणाचा?

पदवीच्या अखेरच्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की जैवतंत्रज्ञान विभागाच्या फलकावर एक सूचना लागते : 'विद्यार्थ्यांनी आपल्या संशोधन प्रकल्पाचे शीर्षक अमुक तारखेच्या आत विभागात सादर करावे.' सूचनेची भाषा निरुपद्रवी आहे. परंतु तिच्यात मागितले आहे ते शीर्षक, प्रश्न नव्हे. आणि पुढे वर्षभर जे बिघडत जाते त्याचा उगम पुष्कळदा या मागणीतच असतो. शीर्षक कोठेही मिळते. गेल्या वर्षीच्या बांधीव खंडांच्या कपाटात मिळते, वरच्या वर्गातील मित्राकडे मिळते, आणि महाविद्यालयाच्या फाटकासमोर झेरॉक्स व बाइंडिंग करून देणाऱ्या दुकानात तर शीर्षकासह संपूर्ण प्रकल्पच मिळतो. प्रश्न मात्र ज्याचा त्याला पडावा लागतो.

गेली काही वर्षे बहिःस्थ परीक्षक म्हणून निरनिराळ्या महाविद्यालयांत जाण्याचा योग येतो. सोनेरी अक्षरांच्या त्या जाड खंडांपैकी पुष्कळसे एकाच कुळातले असतात. कधी तुळस, कधी कडुनिंब, कधी अडुळसा, कधी हळद. वनस्पती बदलते, प्रयोग बदलत नाही. पाने वाळवावयाची, त्यांची पूड मिथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढावयाचा, जिवाणू पसरलेल्या ताटलीतील पोषक थरात लहानसे भोक पाडून त्यात तो अर्क भरावयाचा, आणि दुसऱ्या दिवशी भोकाभोवती जिवाणू न वाढल्यामुळे दिसणारे स्वच्छ वलय पट्टीने मोजावयाचे. वलय दिसले की वनस्पती जिवाणुनाशक ठरली. एका हुशार मुलीला मी विचारले, 'शेजारच्या भोकात नुसते मिथेनॉल भरून पाहिले होते का?' ती गोंधळली. म्हणाली, 'सर, ते पद्धतीत दिलेले नव्हते.' मिथेनॉल स्वतःही जिवाणूंची वाढ रोखू शकते. तेव्हा ते वलय तुळशीचे की मिथेनॉलचे, याचा उलगडा तिच्या शंभर पानांत कोठेच नव्हता. प्रयोगशाळेत ज्याला सारेच 'कंट्रोल' म्हणतात तो तुलनेचा संच तिने ठेवलाच नव्हता. पण तिला दोष देववेना. तुळशीने जिवाणू मरतात किंवा नाही, हा तिला पडलेला प्रश्नच नव्हता. तो तिच्या आधीच्या कित्येक तुकड्यांनी 'सोडविलेला' होता आणि उत्तर काय यावयाचे ते सर्वांना ठाऊक होते. ज्याचे उत्तर ठाऊक आहे त्याची शहानिशा करण्याची आठवण कोणाला कशी राहणार?

हा प्रकार थोड्याशा गुणांपुरता मर्यादित होता तोवर खपून गेला. आता तसे राहिलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा जाहीर केला. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के अथवा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात चौथ्या वर्षी संशोधनाची शाखा घेता येते, आणि प्रकल्पाला १२ श्रेयांक आहेत. याचा अर्थ कारकुनाच्या वा शेतकऱ्याच्या घरातील मुलगा आणखी एक वर्ष शुल्क, खोलीभाडे आणि खानावळ यांचा भार आईवडिलांवर टाकून संशोधन शिकण्यासाठी थांबणार. त्या वर्षाच्या अखेरीस त्याच्या हाती केवळ एक मिथेनॉलचे वलय पडावयाचे असेल, तर ती त्याची आणि त्याच्या पालकांची फसवणूक होय.

मग प्रकल्प निवडावा कसा? याचे उत्तर देण्यापूर्वी एका वांग्याची हकीकत सांगतो. २०१० साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे क्वाझुलू-नाताळ विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीने सडत पडलेल्या वांग्याच्या खालच्या अंगाचा नमुना घेतला. तिला हवा होता जिवाणूंवर जगणारा विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफाज. त्याची रीत सोपी आहे. नमुना द्रावणात ढवळावयाचा, जिवाणूही अडकतील इतक्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून तो गाळावयाचा, गाळलेले पाणी निरुपद्रवी जिवाणूंत मिसळून ताटलीत ओतावयाचे आणि वाट पाहावयाची. ताटलीभर जिवाणूंची दाट साय धरते. तिच्यात जेथे विषाणूने जिवाणू खाल्ले असतील तेथे टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ ठिपके पडतात. त्या विद्यार्थिनीला ठिपके दिसले. सापडलेल्या विषाणूला नाव ठेवण्याचा मान शोधणाऱ्याचा. त्याचे नाव 'मडी' असे ठेवले गेले. आपण त्याला 'चिखल्या' म्हणू.

चिखल्या इतर हजारो विषाणूंसमवेत अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात ग्रॅहम हॅटफुल यांच्या शीतपेटीत जाऊन बसला. २०१८ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात पंधरा वर्षांची एक मुलगी मृत्यूच्या दाराशी होती. तिची दोन्ही फुफ्फुसे बदललेली होती, आणि क्षयाच्या जंतूचा भाऊबंद असलेल्या मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या जिवाणूने तिचे शरीर ग्रासले होते. कोणतेही प्रतिजैविक चालेना. डॉक्टरांनी हॅटफुल यांना साकडे घातले. दहा हजारांहून अधिक विषाणूंच्या त्या संग्रहातून त्या विशिष्ट जिवाणूवर चालणारे निघाले अवघे तीन. त्यांतील दोघांच्या जनुकांत फेरफार करावा लागला. चिखल्या मात्र जसा होता तसाच कामी आला. मुलीच्या जखमा भरू लागल्या, ती घरी गेली. ती संपूर्ण रोगमुक्त झाली असे नव्हे, पण हाताबाहेर गेलेला संसर्ग आटोक्यात आला. मे २०१९ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

ही कथा ऐकून कोणी 'असाध्य रोगावर विषाणूंचा उपचार' असे शीर्षक विभागात देऊन येईल, अशी मला भीती वाटते. तसे होता कामा नये, कारण कथेचे तात्पर्य नेमके उलट आहे. डर्बनच्या त्या विद्यार्थिनीने कोणाचे प्राण वाचविण्याचा प्रकल्प घेतला नव्हता. तिचा प्रश्न एवढाच होता की या चिखलात असा विषाणू आहे किंवा नाही. त्या वांग्याविषयी याचे उत्तर जगात कोणालाही ठाऊक नव्हते. तिच्या प्राध्यापकांनाही नव्हते. आणि ते शोधण्याची साधने तिच्या हाताशी होती.

हा योगायोग नव्हे. हॅटफुल यांनी २००२ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी हा उपक्रम सुरू केला आणि २००८ पासून हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटच्या साहाय्याने तो अनेक महाविद्यालयांत पसरला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. पहिल्या पायरीला विशेष ज्ञान लागत नाही, माती उकरता आली म्हणजे पुरे. वापरावयाचा जिवाणू क्षयाच्या जंतूचा नातलग असला तरी निरुपद्रवी. प्रत्येक विद्यार्थ्याचा विषाणू वेगळा, म्हणून शेजाऱ्याची वही उतरून काढण्यात अर्थ नाही. एकाला अपयश आले तरी वर्गातील इतरांचे काम अडत नाही. विषाणू सापडल्यावर ज्याला उमेद आहे त्याने त्याच्या जनुकांपर्यंत जावे, नसेल त्याने ठिपक्यांपाशी थांबावे. दोघांच्याही हाती काही तरी खरे लागलेले असते. (जाता जाता नमूद करावयास हवे, की गंगा-यमुनांच्या पाण्यात पटकीचे जंतू टिकत नाहीत आणि ते पाणी उकळले की हा गुण नाहीसा होतो, हे हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये आपल्याच देशातून कळविले होते. त्यामागे विषाणूच होते काय, याविषयी मतभेद आहेत. परंतु 'बॅक्टेरिओफाज' हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी तो प्रश्न आपल्या नदीकाठी विचारला गेला होता.)

आपल्याकडील तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयाने पिट्सबर्गची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. तशी गरजही नाही, कारण प्रश्न तेथेही पायाशीच पडलेले आहेत. एक उदाहरण जरा विस्ताराने देतो.

हरभरा पेरण्यापूर्वी बियाण्याला जिवाणू खत चोळावे, असे कृषी विभाग गेली कित्येक वर्षे सांगत आला आहे. हे रायझोबियम जिवाणू मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. कृषी सेवा केंद्रात काळसर पुडीचे पाकीट मिळते. त्या पुडीत दर ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत, असे खत नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात किती असतात? पाकीट कारखान्यातून निघाले तेव्हा असतीलही. पण ते पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर दोन महिने पडून राहिल्यानंतर किती उरतात? रासायनिक खताचे पोते तापले म्हणून त्यातील नत्र मरत नाही. येथे माल जिवंत आहे, आणि त्याची किंमत मोजणाऱ्या शेतकऱ्याला तो जिवंत आहे किंवा नाही हे डोळ्यांनी कळण्याचा मार्ग नाही.

हे शोधावयास लागते काय? एक ग्रॅम पूड निर्जंतुक पाण्यात घालून दहापट पातळ करावयाची, त्यातून घेऊन पुन्हा दहापट, असे पाच वेळा. मग त्यातील ०.१ मिलिलिटर ताटलीवर पसरावयाचे. पाकीट नियमाप्रमाणे असेल तर साधारण ५० वसाहती मोजता आल्या पाहिजेत. पोषक माध्यमात काँगो रेड नावाचा रंग घातला तर रायझोबियमच्या वसाहती बहुधा पांढरट राहतात आणि आगंतुक जिवाणूंपैकी पुष्कळांच्या लाल होतात; म्हणजे पाकिटात भेसळ किती हेही दिसते. ऑटोक्लेव्ह बिघडलेला असेल (तो असतोच), तर माध्यमे निर्जंतुक करण्याचे काम घरचा प्रेशर कुकरही भागवतो. तीन पाकिटे थंड जागी, तीन माळ्यावर, प्रत्येकाच्या तीन ताटल्या, दर पंधरवड्याला मोजणी. शंका असेल त्याने कुंडीत हरभरा लावून, पाकिटाविना आणि पाकिटासह, महिन्याभराने मुळावरच्या गाठी मोजाव्यात आणि नखाने फोडून आतून गुलाबी आहेत का तेही पाहावे. कामाच्या गाठी आतून गुलाबी असतात.

या प्रकल्पाचे शीर्षक भपकेबाज होणार नाही. त्यात 'नॅनो' नाही, 'कर्करोग' नाही. परंतु उत्तर काहीही आले तरी ते कामाचे आहे. जिवाणू टिकले तर दुकानदाराची चिंता मिटली. मेले तर केव्हा आणि किती तापमानाला मेले हे कळले. तुळशीच्या प्रयोगात वलय आले नाही तर प्रकल्प 'फसतो', आणि मग नापास होण्याच्या धास्तीने वलय कोठून तरी आणले जाते. येथे फसण्यासारखे काही नाही. प्रकल्प निवडताना विद्यार्थ्याने स्वतःला हा एकच प्रश्न कठोरपणे विचारला तरी निम्मे काम झाले : उत्तर 'नाही' असे आले, तर ते मी न लाजता लिहू शकेन काय?

बाकीच्या गोष्टी वजाबाकीच्या आहेत, आणि त्या थोडक्यात सांगता येतात. सत्र कागदोपत्री पंधरा आठवड्यांचे असले तरी गणपती, चाचणी परीक्षा, युवक महोत्सव आणि दिवाळी वजा जाता प्रयोगाला आठ-नऊ आठवडे उरतात. प्रत्येक प्रयोग तीनदा करावयाचा तर एका प्रयोगाला किती, याचा हिशेब विषय निवडण्यापूर्वी व्हावा. सोयाबीनच्या गाठीतील जिवाणूची वसाहत दिसावयास आठवडाभरही लागतो. हरभऱ्याचा जिवाणू त्या मानाने लवकर वाढतो. एवढ्या एका माहितीवर प्रकल्प तरतो किंवा बुडतो. माणसाचे रक्त हवे असेल तर नीतिसमितीची संमती लागते, प्राणी हवे असतील तर त्यांची वेगळी समिती आहे, जनुकांची उलथापालथ करावयाची तर संस्थेची जैवसुरक्षा समिती आहे. या समित्या ज्या महाविद्यालयात नाहीत तेथे ते विषय नाहीत. रुग्णालयाच्या सांडपाण्यातून औषधांना न जुमानणारे जंतू आणून ते उघड्या टेबलावर वाढविण्याचा उत्साह तर कोणी दाखवूच नये. ओळखीचे, निर्धोक जिवाणू पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संग्रहातून मागविता येतात. आणि ज्याच्याजवळ संगणकाखेरीज काहीच नाही त्याला जेनबँकेसारखी जनुकक्रमांची भांडारे विनामूल्य खुली आहेत. मात्र तेथेही प्रश्न आधी असावा लागतो. नाहीतर केवळ रंगीत चित्रे छापून होतात.

खासगी प्रयोगशाळांविषयी एक शब्द बोलणे भाग आहे. पैसे भरले की महिनाभरात प्रकल्प, प्रमाणपत्र आणि खंड असे तिन्ही हाती देणारी ठिकाणे मोठ्या शहरांत उघडलेली आहेत. तेथे यंत्रे चांगली असतात, हे खरे. पण यंत्रात नमुना घालणारा हात विद्यार्थ्याचा नसतो आणि तो नमुना का घातला हेही पुष्कळदा त्याला ठाऊक नसते. याबद्दल केवळ त्या ठिकाणांना दूषणे देऊन भागणार नाही. एकेका शिक्षकाकडे पंधरा-वीस प्रकल्प सोपविले, रसायनांना पैसा दिला नाही आणि जागा रिकाम्या ठेवल्या, तर विद्यार्थी दुसरीकडे जाणार नाही तर काय करणार?

आणि आम्ही शिक्षक तरी कोठे निर्दोष आहोत? काही वर्षांपूर्वी मी एका विद्यार्थ्याला मातीतील जिवाणूंच्या एका विकराविषयीचा विषय दिला. विषय चांगला होता. तो माझ्याच अर्धवट राहिलेल्या कामाचा तुकडा होता आणि मला त्याची आकडेवारी हवी होती. मुलगा कष्टाळू, त्याने सहा महिने परीक्षानळ्या भरल्या, आलेख बिनचूक काढले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारले, 'हेच तापमान का निवडले?' तो म्हणाला, 'सरांनी सांगितले.' मी शेजारीच बसलो होतो. त्याला चांगले गुण मिळाले, पण संशोधनाकडे तो पुन्हा फिरकला नाही. मी त्याला काम दिले होते, प्रश्न दिला नव्हता, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळले.

यावर असा आक्षेप येईल की पदवीच्या मुलांना कसले प्रश्न पडणार? त्यांनी आधी तंत्र शिकावे, संशोधन पुढे पाहता येईल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. ज्याला पिपेट धरता येत नाही त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवणे कठीण. परंतु तंत्र आणि प्रश्न यांची अशी आधी-नंतरची वाटणी प्रत्यक्षात टिकत नाही. नुसते मिथेनॉल शेजारच्या भोकात भरावे, हे तंत्र म्हणून शिकविले तर मूल ते विसरते. वलय खरे की खोटे याची चुटपूट लागली तर तेच त्याला आपण होऊन सुचते. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी कमला सोहोनी यांचे उदाहरण येथे आठवते. १९३३ साली त्या पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा चंद्रशेखर वेंकट रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, आणि त्यांच्या आग्रहापुढे नमून अखेर अटी घालून दिला. तेथे त्यांनी अभ्यास केला तो दूध आणि डाळी यांतील प्रथिनांचा. पुढे केंब्रिजला गेल्यावर बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, असे त्यांनी दाखवून दिले. डाळ, दूध, बटाटा. त्यांचा केंब्रिजचा प्रबंध जेमतेम ४० पृष्ठांचा होता असे सांगतात. आमच्या पदवीच्या खंडांत तेवढी पाने आभार, अनुक्रमणिका आणि वनस्पतीचे पौराणिक माहात्म्य यांतच खर्ची पडतात.

तेव्हा सुधारणा करावयाची तर ती त्या फलकावरील सूचनेपासून करावी. शीर्षक मागू नये. 'मला काय जाणून घ्यावयाचे आहे' हे एका मराठी वाक्यात मागावे, त्याखाली तुलनेसाठी काय ठेवणार ते मागावे, आणि उत्तर 'नाही' आले तर काय लिहिणार तेही मागावे. परीक्षेत खंडाला गुण कमी आणि रोजच्या नोंदवहीला अधिक असावेत. खाडाखोड, चुकलेली ताटली, वीज गेल्याने वाया गेलेला दिवस यांसकट.

हरभऱ्याच्या पाकिटांचा विषय मी वर्गात सहज बोलून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी भेटावयास आला. त्याच्या वडिलांचे खेड्यात कृषी सेवा केंद्र आहे. म्हणाला, 'सर, आपण पाकिटे ४५ अंशांच्या पेटीत ठेवणार, पण आमचा माळा रात्री गार होतो. मग पेटीतले जिवाणू मेले तरी माळ्यावरचे मेले असे कसे म्हणायचे?' मला उत्तर देता आले नाही. सध्या तो विभागाचा एक तापमापक घरी घेऊन गेला आहे, आणि सकाळ, दुपार व रात्र अशा तीन वेळांची माळ्यावरची नोंद त्याची आई ठेवते आहे.